धुम्मसाने घातलेला चार बोटांचा घोळ

मित्रांनो, मी एक जुना धुम्मस आहे. माती ठोकून घट्ट करणं हे माझं काम. खाली चौकोनी लोखंडी पाट, वर माणसाएवढा लांब लाकडी दांडा. ज्या झाडाचा माझा दांडा झाला, त्याच झाडापासून बेसबॉलच्या बॅटीही झाल्या. म्हणजे त्या माझ्या सख्ख्या बहिणी. त्यांना टाळ्या मिळतात, पण वर्षाच्या आत त्या मोडतात. मला टाळी एकही नाही, पण एकतीस वर्षं झाली, मी आपला उभा आहे. ते झाड विजेने फाटलं तेव्हा अमेरिकेतल्या अख्ख्या आयोवा राज्यातल्या गायींनी दुधाऐवजी थेट लोणी दिलं, असं म्हणतात. म्हणणारा मीच, पण म्हणतात.

टॅनर्स फोर्ड गावच्या मैदानाची निगा डेलबर्ट राखतो. म्हातारा, ताडमाड उंच, म्हणून माझा दांडाही लांब. मैदानाच्या मधोमध मातीचा एक उंचवटा आहे. त्यावर पांढरी रबरी पट्टी पुरलेली असते. पिचर तिच्यावर एक पाय रोवतो, दुसरा पुढे झोकून चेंडू फेकतो. पुढचा पाय पडतो तिथे सामना संपेपर्यंत खड्डा होतो. तो ओल्या मातीने भरायचा आणि मला वर नाचवायचं, हे डेलबर्टचं काम.

पण डेलबर्ट भरण्याआधी खड्डा बघतो. एका पिचरचा खड्डा एकदा चार बोटं मागे, पट्टीकडे सरकला. डेलबर्ट म्हणाला, "हा अंग चोरतोय. खांदा दुखतोय याचा." पंधरा दिवसांत त्या पिचरचा खांदा गेला. तेव्हापासून डेलबर्टच्या शब्दाला गावात वजन आलं, आणि मला मान. तो माझा पाट पट्टीला टेकवून मला आडवा ठेवी आणि खड्डा पट्टीपासून किती लांब पडला ते दांड्यावर मोजी. दांड्यावर एमेटच्या नावाची एक खाच होती. एमेट डॅगेट हा आमचा सगळ्यात चांगला पिचर. त्याचा खड्डा नेहमी बरोब्बर खाचेपाशी यायचा.

त्या वर्षी जूनमध्ये माझा जुना पाट झिजून भाकरीसारखा पातळ झाला. डेलबर्टने नवा पाट बसवला. जाडजूड, चकचकीत. मी तर नवरदेवासारखा मिरवत होतो.

त्याच सुमारास टीमच्या मालकीणबाई, मिसेस हॉफस्टेटर, पेचात पडल्या. एमेटचा करार संपायला अजून दीड वर्ष होतं. तो आत्ताच वाढवावा, की थांबावं? थांबलं तर मोठ्या शहराची टीम त्याला उचलणार. आत्ताच वाढवला आणि हात निकामी झाला, तर आमच्या लहान टीमला दुसरा पिचर परवडणार नाही. एमेटची तर झोप उडाली होती. खेळापायी नऊ गावं झाली होती, मुलीची ही चौथी शाळा. त्याला इथेच राहायचं होतं.

एका सकाळी मालकीणबाई उंचवट्यावर आल्या.

"डेलबर्ट, डॉक्टर ठीक म्हणतोय. तुमचा खड्डा काय म्हणतोय?"

डेलबर्टने मला आडवा केला. खड्डा खाचेच्या चार बोटं अलीकडे! त्याने तीनदा मोजलं.

"बाई, थांबा. करार वाढवू नका," तो हळूच म्हणाला. "पोरगा अंग चोरतोय."

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. नव्या पाटात दांडा जिथे बसतो ती नळी उंच होती. माझा दांडा चार बोटं वर बसला होता, आणि त्याच्याबरोबर खाचही पुढे सरकली होती. एमेट जागेवरच होता. सरकलो होतो मी! पण धुम्मसाला कुठली वाचा?

मालकीणबाईंनी एमेटला तिथेच बोलावून तोंडावर सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो डेलबर्टकडे वळला.

"काका, तुम्ही? माझ्या मुलीला सायकल शिकवलीत आणि माझ्यावर हे?"

"मी नाही रे. माप बोलतंय."

"मग मीही मोजतो. कॉलेजपासून माझी टांग सहा बुटांची आहे."

तो पट्टीपासून टाचेला चवडा लावत निघाला. एक, दोन, तीन. सहावा बूट ठेवला आणि चवडा खड्ड्याच्या काठाला टेकला.

डेलबर्टने एमेटकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. गुडघ्यावर बसून त्याने माझी नळी बोटांनी मोजली. त्याचे कान टोमॅटोसारखे लाल झाले.

"बाई, हा पाट मीच बसवलाय. गाढव मी आहे."

मालकीणबाई मटकन मातीत बसल्या आणि इतक्या हसल्या की गावातल्या कोंबड्या दोन दिवस अंडी द्यायला विसरल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "चल, तीन वर्षं वाढवते."

"दोनच वाढवा," एमेट म्हणाला. "तिसऱ्या वर्षाचं वचन मला माझ्या खांद्याने दिलेलं नाही."

"तिसऱ्या वर्षी हात गेला तर डेलबर्टच्या हाताखाली माती भर."

"या काकांच्या हाताखाली? मग पगार वाढवावा लागेल!"

"अरे, आधी मोजायला शीक माझ्याकडून," डेलबर्ट म्हणाला, आणि तिघेही हसत सुटले.

करार तीन वर्षांचाच झाला. कागद ठेवायला सपाट जागा नव्हती, म्हणून तो माझ्या पाटावर ठेवला. कागदाच्या कोपऱ्याला लाल माती लागली. मालकीणबाईंनी ती झटकली नाही.

डेलबर्टने काचेच्या तुकड्याने माझ्यावरची खाच खरवडून काढली. वाईट वाटलं नाही. आता मी फक्त ठोकतो आणि सुखात आहे. मित्रांनो, आम्हा अवजारांना कोरडं ठेवा, वर्षातून एकदा तेल पाजा आणि हवी तेवढी माती ठोकायला द्या. पण एखाद्या माणसाचं पुढे काय करायचं हे ठरवायचं असेल, तर आम्हाला आडवं करण्याआधी त्याला हाक मारा.