एकदा मुलकी, तीनदा फौज

मित्रांनो, कानांत बोटं घालायची असतील तर आत्ताच घाला. मी एक जुना भोंगा आहे, हातानं फिरवायचा, बिडाचा. हळू बोलणं मला कधी कुणी शिकवलंच नाही.

सानगडीपासून सायकलनं तासाभरावर, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध आमचं विमानतळ आहे. एक धावपट्टी, एक पत्र्याची खोली आणि खांबावर वाऱ्यानं फुगणारी पिशवी. बस्स! पण मालक मात्र दोन. फौजेची विमानं सरावाला उतरत आणि मुलकी खात्याचं छोटं विमान आठवड्यातून एकदा साहेबलोकांना घेऊन येई. १९७१ साली मला खोलीपुढच्या ओट्यावर बसवलं. लगेच फौजेच्या माणसानं माझ्या डाव्या कुशीवर पांढऱ्या रंगानं आपला नंबर घातला. चार दिवसांनी मुलकी बाबूनं उजव्या कुशीवर आपला घातला. मी दोघांचा! काय तो माझा थाट!

त्याच आठवड्यात मला फिरवायला डोमा रोजीवर लागला. त्याला मात्र कुणाचाच नंबर मिळाला नाही. फौज म्हणे, तो मुलकीचा माणूस. मुलकी म्हणे, तो फौजेचा. अर्ज इकडून तिकडे जात राहिले आणि डोमा माझी मूठ फिरवत राहिला. दर सोमवारी घरून एरंडीचं तेल आणून माझ्या सांध्यांत दोन थेंब सोडायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता आमची खरी गंमत सांगतो. विमान येण्याआधी पट्टीवरची गुरंमाणसं हटवायची, हे माझं कागदावरचं काम. पण उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी उकडलेलं धान वाळवायला त्या तापलेल्या पट्टीसारखी जागा पंचक्रोशीत नव्हती. मग डोमा आणि गावातली रुखमाबाई यांनी मिळून एक नियम केला. भोंगा एकदा वाजला तर मुलकी विमान. ते अर्ध्या पट्टीतच थांबतं, म्हणून अलीकडचं धान उचला, पलीकडचं राहू द्या. तीनदा वाजला तर फौज. सगळं उचला आणि पळा! अकरा वर्षांत एक दाणा वाया गेला नाही की एक विमान अडलं नाही. फौजेचे शिपाई पाहून न पाहिल्यासारखं करत.

रुखमाबाईची जीभ माझ्याहून मोठी. "काहून डोमाभाऊ, पक्कं व्हायचं पत्र येऊन राहिलं का पायी पायी?" ती दातांत पदर धरून विचारायची.

"येते ना बाई," डोमा हसायचा. "काशीहून निघालं असंल."

आणि १९८२ च्या हिवाळ्यात निरोप आलाच! मुलकीचे मोठे साहेब मंगळवारी पाहणीला येणार, फौजेचे साहेबही सोबत असणार आणि डोमा कुणाचा, हे जागेवरच ठरणार. विमलाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याचा सदरा निळीत बुडवून वाळवला. "आता पोरीच्या लग्नात सांगता येईल, बाप सरकारी आहे म्हणून," ती म्हणाली.

मंगळवारी डोमानं मला पुसून लख्ख केलं. निरोप मुलकी साहेबांचा, म्हणजे विमान मुलकीचं, असं त्याला वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. विमान कुणाचं, ते निरोपात नव्हतंच. त्यानं मला एकदाच वाजवलं. बायकांनी अलीकडचं धान उचललं. पलीकडे रुखमाबाईचं वर्षभराचं धान पसरलेलं होतं.

मग आवाज आला. जड, दोन पंख्यांचा. डोमानं मान वर केली. साहेब फौजेच्या विमानातून येत होते! त्यानं मला पुन्हा फिरवलं, जीव खाऊन फिरवलं. बायका टोपल्या टाकून पळाल्या. विमान अर्ध्या पट्टीत थोडंच थांबणार? ते सरळ धानात शिरलं. पंख्यांच्या वाऱ्यानं धान नालीत, गवतात, आभाळात उडालं. माणूस एकही दुखावला नाही. विमानाला ओरखडा नाही.

दोन्ही साहेब उतरले, ते धान तुडवतच. मुलकी साहेबांनी डोमाकडे बोट केलं. "हा माणूस कोणाचा?"

"हमारा नहीं है," फौजेचे साहेब म्हणाले.

"आमच्याही यादीत नाही," मुलकी साहेब म्हणाले.

मित्रांनो, अकरा वर्षं ज्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नाही, त्यांचं एका मिनिटात झालं.

रुखमाबाई पुढं आली. "साहेब, माहं धान गेलं त जाऊ द्या, पण भाऊले काढू नोका. एकदा अन् तीनदा वाजवाचं, हे आमीच ठरवलं होतं."

"म्हणजे धावपट्टीचे नियम तुम्ही करता?" मुलकी साहेब म्हणाले. झालं. डोमाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

तासाभरानं साहेबांना परत जायचं होतं. बायका पट्टीवर उरलेलं धान दाणा दाणा वेचत होत्या. भोंग्याशिवाय त्या हटणार कशा? मला फिरवायला डोमाशिवाय होतं कोण? निळीच्या सदऱ्यातल्या त्या माणसानं मला नीट, मोजून तीनदा वाजवलं. मग खिशातली बाटली काढून दोन थेंब सोडले आणि तो गेला. तो दिवस सोमवार नव्हता.

१९८६ साली विजेचा भोंगा आला. मी गंजत पडलो. तरी वर्षातून एकदा दोन्हीकडची माणसं येतात, माझ्या कुशी पुसतात, नंबर जागेवर आहेत ना ते बघतात. मला हरवू देत नाहीत हो!

गेल्या पोळ्याला डोमा तारेच्या कुंपणापाशी आला होता. केस पांढरे, हातात तीच बाटली. नव्या पहारेकऱ्यानं अडवलं. "कोणाचा माणूस तू? पास आहे का?"

"पास नाही बावा. त्याच्यात तेलाचे दोन थेंब टाकतो अन् जातो."

"सरकारी वस्तू आहे ती. हात लावायचा नाही."

मित्रांनो, वस्तू जपा, असं माझ्यासारख्यानं शेवटी सांगायचं असतं. मी नाही सांगणार. मला जपलंच आहे. माझी मूठ एकदा पाहून जा. ती एका हाताच्या मापानं झिजली आहे. तो हात कुंपणाबाहेर उभा होता, तेवढा आधी आत घ्या.