भोंगा वाजल्यावर

भोंऽऽऽ!

दचकलात? छान. म्हणजे आता लक्ष माझ्याकडे आहे. मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. टीव्हीवरच्या प्रश्नांच्या खेळात उत्तर चुकलं की जो ओरडतो ना, तोच मी. बरोबर उत्तराला घंटी वाजते. ती नाजूक, चकचकीत, सगळ्यांची लाडकी. मी जन्माचा वाईटपणा घेणारा. पण एक सांगून ठेवतो. खेळ घेणारा माणूस कसा आहे, हे त्या घंटीला कधी कळत नाही. घंटी वाजल्यावर कोणीही गोडच वागतो. मी वाजल्यावर तो काय करतो, ते बघा. मी तेच बघत आलोय.

माझा जन्म तसा टीव्हीतला नाही. मी एका मालवाहू ट्रकच्या नाकाखाली राहायचो. रस्त्यात कोणी आडवं आलं की ओरडायचं, एवढंच काम. ट्रक म्हातारा झाला, भंगारात गेला, आणि मी एका दुकानात गंजलेल्या पंख्यांच्या ढिगावर पडून राहिलो. तिथे एके दिवशी स्टुडिओतले वायरकाका आले. दिवे, तारा, बटणं, सगळं तेच सांभाळायचे. त्यांनी मला बॅटरीला लावून बघितलं. मीही बरेच दिवस गप्प होतो, असा ओरडलो की दुकानदाराच्या हातातला चहा त्याच्याच मांडीवर गेला.

"अहो काय हे!" दुकानदार नाचायला लागला.

"हाच पाहिजे," वायरकाका म्हणाले.

या माणसाशी आपलं जमणार, हे मला तेव्हाच कळलं.

काकांनी मला घासूनपुसून एका लाकडी पेटीत बसवलं, वर ताटलीएवढं लाल बटण लावलं आणि स्टुडिओतल्या लांब टेबलावर ठेवलं. टेबलाच्या एका टोकाला खेळ घेणारा, पुढे खेळायला आलेली माणसं.

पहिला सूत्रसंचालक होता कोटवाला. रोज नवा चमचमता कोट. बोलणं म्हणजे सुरी. त्याला मी फार आवडायचो, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही तो आवडला. एकदा भूगोलाचे एक मास्तर आले होते. त्यांचं नदीचं नाव चुकलं. कोटवाल्याने मला एकदा नाही, तीनदा दाबलं.

"मास्तर, पगार परत करा! पोरं बुडवलीत तुम्ही!"

लोक खो खो हसले. मास्तरही हसले. पण टेबलाची कड त्यांनी अशी घट्ट धरली होती, जशी पाण्यात पडलेला माणूस फळी धरतो. ती कड माझ्याच शेजारी होती, म्हणून मला दिसलं. कॅमेऱ्याला नाही दिसलं.

आता मी काही साधुसंत नाही. मला खोड्या काढायला आवडतात. कोटवाला मोठं भाषण करायला लागला की मी मध्येच आपोआप वाजायचो. वायर सैल आहे, असं काका म्हणायचे. मी काही बोललो नाही. पण मित्रांनो, खोडीचाही एक नियम असतो. ज्याची खोडी काढली, तो सगळ्यात शेवटी का होईना, मनापासून हसला पाहिजे. नाहीतर ती खोडी नाही. ती मारामारी, आणि तीही एकाच बाजूने.

खेळ बघायला सगळे तयार होते. खेळायला यायला हळूहळू कोणी मिळेना. नाव नोंदवायचा फोन मुका झाला. कार्यक्रमाचे निर्माते होते घाईसाहेब; खरं नाव वेगळं, पण सारखं घड्याळ बघायचे म्हणून हे पडलं. त्यांनी शेवटी आपल्या मेव्हण्याला खेळायला बसवलं. दोनदा. दुसऱ्यांदा मिशी लावून.

कोटवाला मोठ्या चॅनलवर गेला आणि आले गोडसर. स्वभावाने खरंच लोणी. कोणाचं मन दुखवायचं नाही म्हणून त्यांनी मला हातच लावला नाही. "पहिलं अक्षर ह, पुढे त्ती, बघा बरं काय होतं?" अशी त्यांची तऱ्हा. माझ्या तोंडात कोळ्याने जाळं केलं. मला राग आला तो जाळ्याचा नाही. एक आजोबा जिंकले, बक्षीस हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "पण मी केलं काय?" त्याचा राग आला. गोडसरांनी त्यांना वस्तू दिली आणि जिंकणं काढून घेतलं. लोक बघता बघता पेंगायला लागले. फोन तर मुकाच होता. गोडसरही गेले.

"बंद करू या," घाईसाहेब म्हणाले. "एक भाग थेट दाखवायचा म्हणून जाहीर करून बसलोय. तेवढा उरकू आणि दिवे काढू."

"तो मला द्या," मागून घोगरा आवाज आला.

ती ताई होती. खेळायला आलेल्या माणसांना आधी एका खोलीत बसवायचे. तिथे त्यांना पाणी द्यायचं, नियम समजवायचे, कॉलरला माईक लावायचा, हे तिचं काम. कोणाचे हात गार पडतात, कोण सारखं बाथरूमला पळतं, सगळं तिला पाठ.

"तू?" घाईसाहेबांनी घड्याळातून डोकं वर काढलं. "अगं, तुझा आवाज ऐकून लोक टीव्ही दुरुस्तीला टाकतील."

"टाकू देत. पण माझ्याकडे आलेला माणूस रडत घरी जाणार नाही. आणि फुकटचं घेऊनही जाणार नाही. दोन्ही नाही."

"आणि नंतर फोन नाही वाजला तर?"

"तर दिवे काढा. मी स्वतः शिडी धरते."

वायरकाकांनी मला टेबलावरून उचललं आणि पिशवीत घालून तिच्या हातात दिलं. "घरी ने. सराव कर. जपून, चावतो तो."

असा मी पहिल्यांदा कोणाच्या घरी गेलो. छोटं स्वयंपाकघर, चौघांचं जेवणाचं टेबल, त्यावर मीठ, पाण्याचा जग आणि मी. ताईचा नवरा, मुलगी आणि सासूबाई माझ्याकडे बघत बसले.

"हे काय आणलंस? भंगारवाला विसरून गेला का?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी प्रश्न विचारते, तुम्ही उत्तर द्यायचं."

"जेवताना?"

"तिथे माणसं घाबरलेली असतात. इथे निदान भुकेलेली तरी. मधमाशीला पाय किती?"

"चार."

भोंऽऽऽ! सासूबाईंचा चमचा वरणात गेला. शेजाऱ्याने भिंतीवर धपाधप बुक्के मारले. मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली.

"सहा. पुढचा प्रश्न," ताई म्हणाली.

"थांब गं, पुढचा कुठला? मी चार का म्हटलं, ते विचारलंस का?"

"का म्हटलं?"

"चष्म्याशिवाय मला चारच दिसतात, म्हणून. चार म्हणजे चूक, कबूल. तू वाजवलंस तेही बरोबर. पण वाजवून निघून गेलीस. भांडून दार आपटल्यासारखं. चुकलेला माणूस तिथेच उभा असतो गं, त्याच्याशी बोल की."

ताईने वरणातला चमचा काढून, पुसून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, "आई, उद्या परत बसाल?"

"बसते. पण आधी जेवू दे. आणि शेजाऱ्यांना सांगून ये, नाहीतर ते पोलिसांना बोलावतील."

त्यानंतर रोज जेवताना शाळा भरायची. ताई चुकायची, परत करायची. प्रश्न विचारून हातातल्या कार्डात बघायची सवय तिने मोडली. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागली. मला लांब दाबायची सवयही मोडली. एकदाच, छोटं, स्वच्छ. भों. बस्स. मला आधी अपमान वाटला, मग पटलं. चूक सांगायला एकदा पुरतं.

आणि तो थेट भागाचा दिवस आला. थेट म्हणजे कात्री नाही. जे होईल ते घराघरांत दिसणार. टेबलाशी दोघं होते. दातांच्या एक डॉक्टरीणबाई आणि एक किल्लीवाले दादा. दादांचं फुटपाथवर टपरीवजा दुकान, हरवलेल्या किल्ल्या बनवून द्यायचे. जिंकणाऱ्याला कुटुंबासकट आठवडाभर समुद्रकिनारी राहायला मिळणार होतं. दादांची बायको आणि दोन मुली समोरच बसल्या होत्या. धाकटीने पोहायचा चष्मा डोक्यावर चढवूनच आणला होता.

"दोघांची ओळख करून देऊ का?" ताईने विचारलं.

"सोपी आहे," दादा म्हणाले. "मी कुलपं उघडतो, या तोंडं उघडतात."

डॉक्टरीणबाईच आधी हसल्या. झालं, सगळा स्टुडिओ दादांचा झाला.

खेळ बरोबरीत आला. शेवटचा प्रश्न दादांचा. बरोबर आलं तर दादा जिंकले, चुकलं तर डॉक्टरीणबाई.

"ऑक्टोपसला हृदयं किती असतात?"

दादांचा चेहरा पांढरा पडला. तोंड उघडं, आवाज नाही. समोर बायकोने मुलीचा हात धरला. ताईच्या कानात एक छोटा स्पीकर असतो, त्यातून घाईसाहेब बोलतात. त्याची आणि माझी वायर एकाच नळीतून जाते, म्हणून मला सगळं ऐकू येतं. घाईसाहेब आधी ओरडले, "गप्प का सगळे? काहीतरी टोमणा मार! हसव!" मग ओरडले, "बरं, मग हिंट दे! लोकांना आवडलाय तो! बोटं दाखव, तीन बोटं!"

ताईने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. एक बोट वर केलं नाही.

"दादा, प्रश्न परत सांगते," ती म्हणाली. त्याच शब्दांत सांगितला, एक शब्द जास्त नाही. "घड्याळ चालू आहे, पण उरलेला वेळ तुमचाच आहे. कोणी घेणार नाही."

आणि ती थांबली. टीव्हीवर शांतता म्हणजे काय, माहितीये? कानातला माणूस वेडा होतो. घाईसाहेब झालेच होते. ती दादांकडे बघत राहिली, जसं आपण दार उघडणाऱ्या माणसाकडे बघतो, त्याला ढकलत नाही.

दादांनी श्वास घेतला. "एकच असणार, ताई. एक सांभाळताना नाकी नऊ येतात. जास्तीची ठेवायची कुठे?"

मी तिची बोटं ओळखतो. ती क्षणभर बटणाच्या वरच थांबली. धाकटीच्या डोक्यावरचा तो चष्मा तिलाही दिसत होता. मी मनात म्हटलं, दाब. मला न दाबून तू कोणाचं भलं करणार नाहीस. पलीकडे एक बाई नीट खेळून उभी आहे.

भों.

एकदाच. स्वच्छ.

लोक हळहळले. घंटी वाजली, डॉक्टरीणबाईंवर कागदी फुलं पडली. "जिंकलेल्याकडे जा! कॅमेरा तिकडे!" कानात आरडाओरडा. आणि ताई उलट्या दिशेने चालत गेली. दादांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून.

"तीन असतात, दादा."

"तीन?" दादा बघतच राहिले. "आणि पाय आठ?"

"आठ."

"मग तो तीन जणांवर जीव लावतो आणि आठही पायांनी पळून जातो! आमच्या गल्लीत आहे असा एक!"

मित्रांनो, मी जन्मात तसा हशा ऐकला नाही. दादांची बायको तोंडावर पदर धरून हसत होती. डॉक्टरीणबाई टेबलावर वाकल्या होत्या. आणि दादा स्वतः डोळे पुसत हसत होते. त्यांचे हात मी बघितले. टेबलाची कड त्यांनी धरली नव्हती.

मग ताईने डॉक्टरीणबाईंचं अभिनंदन केलं, अगदी भरभरून, कारण तेही त्यांच्या हक्काचं होतं. निरोपाची वेळ आली, तेव्हा दादांनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"ताई, परत खेळायला यायचं असेल तर फोन कोणाला लावायचा?"

हरलेला माणूस परत येतो म्हणाला. कानातला स्पीकर एकदम गप्प झाला. मग घाईसाहेबांचा बारीक आवाज आला, "नंबर सांग. अगं, बघतेस काय, नंबर सांग त्यांना!"

ताईने नंबर सांगितला. तिचं बोलून व्हायच्या आत बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. तो उचलायला वायरकाका हातातला दिवा तसाच टाकून पळाले. पहिला फोन कोणाचा होता, सांगू? भूगोलाच्या मास्तरांचा.

ताई आजही खेळ घेते. मी आता खरंच म्हातारा झालोय, आवाज फाटलाय. नवीन मुलं म्हणतात, असा आवाज संगणकातून काढू. काढा की! पण मी जागा सोडणार नाही. वायरकाका मला अजूनही उघडून धूळ काढतात, तारा तपासतात. म्हणतात, ज्याला लोकांच्या चुका सांगायच्या आहेत, त्याचा गळा स्वच्छ हवा. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंनाही असंच उघडून पुसत जा. त्या हट्टी असतात, अजून चालतात.

आणि तुमच्यापाशीही एक भोंगा आहे, तोंडात. वर्गात कोणाचं गणित चुकेल, घरात धाकट्याचं काही चुकेल. तेव्हा वाजवा, बिनधास्त वाजवा. चुकीला बरोबर म्हणू नका. पण एकदाच वाजवा, आणि वाजवून पळू नका. त्याच्या शेजारी जा, आणि विचारा, तुला असं का वाटलं? बऱ्याचदा उत्तरापेक्षा तेच ऐकण्यासारखं असतं.

चला, लाल दिवा लागला, कॅमेरा सुरू झाला. कोणीतरी नवीन येऊन उभं राहिलंय, गुडघे टेबलाला आपटतायत, मला जाणवतंय. ताई त्याच्याकडे बघतेय. मी तयार आहे.