उसने कान

"आता?"

"आलं ऐकू."

"आणि आता?"

"अहो, एवढ्या जोरात ठोकताय, शेजाऱ्यांनासुद्धा आलं असेल."

यातलं मेकॅनिकला काही ऐकू गेलं नाही. त्याने बॉनेटखालून मान काढून बायकोचा चेहरा पाहिला. ती वैतागली आहे म्हणजे ऐकू येतंय, असा हिशेब करून त्याने या वेळी पाना इंजिनावर अगदी हलका टेकवला. गाडीत बसलेल्या बायकोने बोट वर केलं. तिच्या डोक्यावर कारखान्यातले जाडजूड इअरमफ होते. त्यातून निघालेली रबरी नळी पुढे एका तांब्याच्या नळीला जोडली होती आणि तिचं चपटं केलेलं टोक इंजिनाला बोल्टने आवळलं होतं. इंजिनात खुट्ट झालं की थेट तिच्या कानात.

आवाजावरून गाडीचं दुखणं सांगण्यात या माणसाचं उभं आयुष्य गेलं, आणि दगा दिला तो कानांनीच. डॉक्टरांनी मशीन दिलं, पण ते लावलं की इंजिन, पंखा आणि सुनेचा मिक्सर सगळं एकच. गिऱ्हाईकं हळूहळू पांगली. मुलगा म्हणाला, "बाबा, आता बास. गॅरेज भाड्याने देऊ." बाप म्हणाला, "माझ्या गाडीला टर्बो बसवतो. इंजिन फुटलं तर गॅरेजची किल्ली तुझ्या हातात. नाही फुटलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

गाडी रोटरी इंजिनाची. पिस्टनऐवजी आत दोन तिकोनी रोटर गरगरतात आणि त्यांच्या टोकांना बारीक पट्टीसारखी सील असतात. आजवर हे इंजिन स्वतः ओढेल तेवढ्याच हवेवर चाललं होतं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो हवा कोंबतो, ताकद वाढते, पण पेट्रोल भलत्या वेळी भडकलं तर इंजिन आतून ठोकू लागतं. दोन-चार ठोके बसले की सील मोडतं आणि सगळ्याचं भंगार होतं. म्हणून त्याने आधी कमी दाबाचे रोटर घातले, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले, टर्बोला तेलाची वाट करून दिली. ते सगळं हातांचं काम होतं आणि हात शाबूत होते. ठोका पकडणं मात्र कानांचं काम. त्यासाठी सेन्सर मिळतो, पण रोटरीच्या गडबडीत तो नको त्या आवाजाला दचकतो असं त्याचं मत होतं. त्याची मतं बदलण्याचा नाद बायकोने केव्हाच सोडला होता.

"ठोका आला की दंडाला चिमटा," गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागल्यावर त्याने बजावलं. "बाकी काही झालं तरी चिमटा नाही."

तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो जागा झाला, तिची पाठ सीटला चिकटली आणि चिमटा बसला. त्याने पाय उचलला. गाडी बाजूला घेऊन तिला जोडलेल्या लॅपटॉपवर ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं, पेट्रोल वाढवलं. पुन्हा चिमटा. पुन्हा टायमिंग मागे. असं करता करता गाडी टर्बो नसताना धावायची त्याहून मरगळली. त्याने इंजिन बंद केलं.

"खरं सांग. ठोका होता?"

तिने इअरमफ काढले आणि त्याला ओठ दिसतील अशी वळून बसली. "नव्हता. मी घाबरले."

"अगं, मी तुझ्या भरवशावर चालवतोय."

"मग? जन्मात पहिल्यांदा फिरायला आणलंत, तेही माझे कान हवेत म्हणून. घाबरायचंसुद्धा नाही?"

त्याने दंड चोळला. तिने इअरमफ पुन्हा चढवले आणि म्हणाली, "करा पहिल्यासारखं. आता घाबरायचं ते मनात घाबरेन."

या खेपेला तिने डोळे गच्च मिटले. काटा वर चढत असताना कानात टक्क झालं, पत्र्यावर खडा पडावा तसं. चिमटा इतका कडक बसला की त्याने काही विचारलंच नाही. टायमिंग केसभर मागे घेतलं आणि पुन्हा गाडी सोडली. काटा लाल रेघेपर्यंत गेला. तिचा हात त्याच्या दंडावर नुसता पडून राहिला.

रस्ता संपला तिथे गाडी थांबवून तो म्हणाला, "कसा येतो गं आवाज?"

संसारभर तिने त्या आवाजाला कटकट याखेरीज दुसरं नाव दिलं नव्हतं. ती विचारात पडली. "तुम्ही कुणाशी तरी भांडून घरी येता ना," ती सावकाश म्हणाली, "जिंकून. तसा."

"मला नुसती थरथर कळते," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि तिच्यापासून ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

ते परतले तेव्हा मुलगा गॅरेजच्या दारात उभा होता. त्याने वाकून इंजिन पाहिलं. धूर नव्हता, खडखड नव्हती. बापाशी बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून तो आईला म्हणाला, "एकदा जमलं. रोज तू बसणार आहेस का शेजारी?"

"बसेन."

"आई, त्यांना ऐकू येत नाही."

"मला येतं."

"काय म्हणतोय?" मेकॅनिकने विचारलं.

ती त्याच्या कानाशी वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "म्हणतोय, उद्या जरा लवकर उघडा."

मुलगा काही बोलला नाही. बोलला असता तरी ते बापापर्यंत पोचवणं आईच्या हातात होतं.