कढीपत्त्याचा विक्रीकर

"मी सही करणार नाही," हे म्हणाले आणि चष्मा काढून डबीत ठेवला.

आमच्या घरात चष्मा डबीत गेला की विषय संपला, असा सदतीस वर्षांचा रिवाज. मी डबी उघडली, चष्मा काढला आणि फॉर्मवर ठेवला.

"परत लावा. आज विषय संपलेला नाही."

फॉर्म होता चुकून भरलेला कर परत मागण्याचा, आणि चूक यांची. आता हे वाक्य उच्चारणंसुद्धा आमच्याकडे धाडसाचं काम. आमचे रविकांत म्हणजे स्टीलच्या कारखान्यातून रिटायर झालेले मेटलर्जिस्ट. इथल्या टेकाडाला माउंटन म्हणतात, त्यावरच्या आमच्या घरात घर तापवणाऱ्या फर्नेसच्या वॉरंटीपासून माझ्या पासपोर्टपर्यंत प्रत्येक कागद यांनीच भरायचा, आणि तोही आधी पेन्सिलीनं.

वेबसाइट मात्र माझी. कॅनडाच्या थंडीत कढीपत्ता कुंडीत कसा जगवायचा, एवढाच तिचा विषय. चौदा रोपं मारल्यावर पंधरावं जगलं. त्या चौदा जणांनी मला जे शिकवलं ते मी लिहीत गेले. व्हँकुव्हरपासून टेक्सासपर्यंतच्या बायका विचारायच्या, "पानं गळतायत हो, काय करू?" मी उत्तरं द्यायची. मग कडेला जाहिराती यायला लागल्या. लावणारी कंपनी परदेशातली, महिन्याला तिकडून चेक यायचा. चेकवर नाव यांचं, कारण फॉर्म यांनी भरलेला ना!

दोन हजार दहाच्या जुलैत आमच्या ओंटारिओत एचएसटी नावाचा नवा विक्रीकर लागू झाला. शेकडा तेरा. कुणी मागितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. हे आपणहून जाऊन नोंदणी करून आले आणि माझ्या प्रत्येक चेकमधले तेरा टक्के दर तिमाहीला नेमानं भरू लागले. "सरकारचा पैसा घरात नको," म्हणाले. मलाही वाटलं, बरोबरच असेल.

परवा मंडळाच्या कोजागिरीला ईशानी भेटली. पुण्याची मुलगी, इथे अकाउंटंट आहे. दूध पिता पिता तिला सहज सांगितलं, तर तिला ठसकाच लागला.

"काकू, गिऱ्हाईक कॅनडाबाहेरचं ना? मग रेट झीरो! आणि वर्षाला तीस हजारांच्या आत असाल तर रजिस्टर करायचीसुद्धा गरज नव्हती. अप्लाय करा, परत मिळेल. फक्त दोन वर्षांची लिमिट आहे, म्हणजे पहिल्या पेमेंटची मुदत ऑक्टोबरअखेर संपतेय."

ऑक्टोबरअखेरीला आठ दिवस उरले होते. आणि खात्यावर नाव यांचं, म्हणजे सहीही यांचीच हवी.

"अगं, हजार-अकराशे डॉलरचा प्रश्न," हे म्हणाले. "त्यासाठी सरकारशी वाद? आपण बाहेरून आलेली माणसं. पाहुण्यांनी पानात वाढलेलं खावं आणि गप्प बसावं."

"पाहुणे? अडतीस वर्षं राहतात होय पाहुणे? आमच्या सांगलीला चौथ्या दिवशी पाहुण्याच्या हातात भाजी निवडायला देतात!"

हे हसले नाहीत. उठून बेसमेंटच्या जिन्याकडे निघाले. थंडी पडायच्या आत कुंड्या खाली न्यायच्या होत्या, तेवढं निमित्त पुरलं. मीही एक कुंडी उचलून मागोमाग उतरले. सोडते की काय!

"खरं सांगा," मी खाली गाठलं. "घाबरता कशाला?"

बराच वेळ हे कुंडीखालची ताटली पुसत राहिले. ती कधीचीच पुसून झाली होती.

"चौऱ्याहत्तर साली," हे म्हणाले, "तू यायच्या आधी. कारखान्याच्या लॅबमध्ये हेल्पर होतो. डिग्री असून हेल्पर. एका आठवड्यात अकरा तास ओव्हरटाइम केला, तो पगारात आला नाही. विचारायला गेलो, तर फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, 'तुला देशात घेतलं, ते पुरे नाही का?' सगळे हसले. मीही हसलो." ताटली खाली ठेवली. "त्यानंतर मी कुणाकडे काही मागितलं नाही. कुणाचं ठेवलंही नाही."

मला मेलीला सदतीस वर्षांत हे माहीत नव्हतं. संताप आला, त्या फोरमनचा आणि यांचासुद्धा.

"त्या दिवशी तुम्ही एकटे होतात," मी म्हटलं. "आता मी आहे. मला कोण हसतंय ते बघतेच. आणि हे पैसे तुमचे नाहीतच मुळी, माझ्या झाडांचे आहेत. तुमच्या भीतीची वर्गणी माझ्या कढीपत्त्यानं का भरायची?"

हे वर गेले. मी उरलेल्या सहा कुंड्या एकटीनं उतरवल्या आणि रागारागात दोन पायऱ्यांवर माती सांडली.

सकाळी मी चहाला आले तर फॉर्म टेबलावर. आधी पेन्सिलीनं भरून मग शाईनं गिरवलेला, खाली सही. हे स्वतः कोट घालून कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. मी खिडकीतून पाहिलं, पाकीट टाकल्यावर यांनी पेटीचं झाकण दोनदा उघडून ते पडल्याची खात्री केली.

डिसेंबरात फोन आला. टॅक्स ऑफिसमधली बाई होती, बोलायला गोड. मिस्टर रविकांत हवेत, म्हणाली. मी स्पीकर लावला आणि समोर उभी राहिले. हे ताठ उठून उभे राहिले. पासपोर्ट ऑफिसात राहतात तसे.

"येस मॅडम," हे म्हणाले. "सॉरी फॉर द ट्रबल, मॅडम."

मी डोळे वटारले.

बाईनं विचारलं, या उत्पन्नासाठी नेमकं कोणतं काम तुम्ही करता?

हे माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नो मॅडम. आय डू नथिंग. इट इज माय वाइफ्स वर्क. शी ग्रोज द प्लांट्स, शी राइट्स. आय ओन्ली फिल्ड द फॉर्म, अँड आय फिल्ड इट राँग." फोनजवळ वाकले. "अँड मॅडम, वी आर नॉट आस्किंग फॉर अ फेव्हर. इट इज अवर मनी."

"ऑफ कोर्स, सर," बाई म्हणाली. तिच्या लेखी त्यात विशेष काहीच नव्हतं. निर्णय कधी कळेल ते सांगितलं आणि फोन ठेवला. हे मात्र खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. यांनी चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. चेष्टा करायची फार इच्छा होती. पण नाही केली.

फेब्रुवारीत, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून आल्यावर, पत्रपेटीत चेक मिळाला. पूर्ण रक्कम. मी ओरडले, "बघा! हाकललं का कुणी?" कढी टाकली, आणि फोडणीला आमचीच पानं, मूठभर, हात न आखडता.

जेवायला हाका मारल्या तरी हे येईनात, म्हणून खोलीत गेले. पलंगावर जुनी पत्र्याची पेटी उघडी. यांच्या हातात एक पिवळा पडलेला कागद, घडीवर फाटत आलेला. चौऱ्याहत्तरची पगाराची चिठ्ठी. समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं: अकरा तास.

तो कारखानाच आता बंद होता, कुंपणाला कुलूप. फोरमन तर केव्हाच गेला असेल.

यांनी चष्मा लावला, कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "शोभा, याची मुदत संपली असेल, नाही का?"

मी शेजारी बसले, आणि घडीवर फाटणारा तो कागद दुसऱ्या बाजूनं धरला.