लोहारणीची सवत

डॉक्टरने लोहाराच्या बायकोचा उजवा खांदा वर-खाली करून पाहिला आणि घण उचलणं आजपासून बंद, असं सांगितलं. असंच चाललं तर पुढे त्या हाताने स्वतःचे केससुद्धा विंचरता येणार नाहीत, असंही तो म्हणाला. लोहारणीने मान डोलावली. लोहार मात्र दवाखान्यातून जो निघाला तो थेट भंगारवाल्याकडे पोचला. खांद्याला लावायचं औषध आणायचं राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी तिनेच जाऊन ते आणलं.

लोहाराच्या डोक्यात यंत्र शिरलं होतं. विजेवर चालणारा घण. घरी बनवलेला, न थकणारा, न कुरकुरणारा, आणि मुख्य म्हणजे एकट्या माणसाने चालवायचा. पायाने पट्टी दाबली की धाडधाड घाव, पाय उचलला की गप्प. बायकोच्या खांद्यासाठी नवरा यंत्र बनवतोय ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. बायकांनी आपापल्या नवऱ्यांना हा दाखला दिला, नवऱ्यांनी लोहाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि लोहाराची छाती इंचभर फुगली. कौतुक कुणाला नको असतं?

आता त्या दुकानातली कामाची रीत सांगायला हवी. लोहार एका हातात सांडशी धरून तापलेलं लोखंड ऐरणीवर ठेवी आणि दुसऱ्या हातातल्या लहान हातोड्याने जिथे टक् करी, तिथे समोर उभी असलेली बायको घण घाली. हातोडा हलका पडला तर घण हलका, जोरात पडला तर जोरात. आणि हातोडा लोखंड सोडून रिकाम्या ऐरणीवर टण्ण वाजला की घण थांबवायचा. लग्न झाल्यापासून दोघांचं बरंचसं बोलणं याच भाषेत झालं होतं. ती भाषा बोलायचं काम लोहाराकडे होतं आणि ऐकायचं बायकोकडे, त्यामुळे भांडण असं कधी झालं नाही.

यंत्राचा सांगाडा उभा राहू लागला. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटार आली, एका मोडक्या ट्रकचे कमानपाटे आले, गाडीचं टायरसकट एक चाक आलं. पट्टी दाबली की मोटारीची कप्पी टायरला चिकटायची, चाक फिरायचं आणि घण वर-खाली व्हायचा, अशी ती योजना होती. योजना झकास होती. फक्त एक अडचण होती. या सगळ्याला जोडणारे जाड दांडे, पट्ट्या, कड्या आणि खिळे बाजारात मिळत नव्हते, ते तापवून ठोकावे लागत होते. आणि ठोकायला घण लागतो. आणि घण कोण उचलणार?

"एवढा एकच दांडा," लोहार म्हणे. "मग तुला आरामच आराम."

एका दांड्याचे दोन झाले. मग पट्टी आली, मग पट्टीला कडी आली, कडी तुटली म्हणून दुसरी आली. खांदा वाचवणारं यंत्र बनवण्यासाठी लोहारणीने जेवढा घण उचलला, तेवढा तिने गिऱ्हाइकांच्या कामासाठी कधी उचलला नव्हता. भांडी घासताना आता तिला डाव्या हाताने उजवा हात धरावा लागायचा. लोहाराला ते दिसत नव्हतं असं नाही. पण दिसलं की तो अधिकच घाईने कामाला लागायचा, आणि घाई झाली की आणखी एक दांडा ठोकायचा निघायचा.

समोरचा शिंपी दिवसभर उंटावरून शेळ्या हाकायचा. सुईत दोरा ओवता ओवता तो मोटार कुठे बसवावी हे सांगे, आणि मोटार तिथे बसवली की तिथे नको होती असं सांगे. त्यानेच यंत्राला नाव दिलं. लोहार दिवसरात्र तिच्याच भोवती असतो, तिलाच तेलपाणी करतो, तिच्याच अंगावरून हात फिरवतो, म्हणजे ही लोहारणीची सवतच झाली, असं त्याचं म्हणणं. नाव चिकटलं. 'सवत कशी आहे?' असं गल्ली विचारू लागली. लोहारीण हसून म्हणायची की सवत अजून अंथरुणातच आहे, तिचं सगळं मलाच करावं लागतं.

अशात खाणीचा मुकादम आला. त्याला टिकाव हवे होते, खाणीतल्या सगळ्या माणसांना पुरतील एवढे. लोहाराने कापड टाकून झाकलेल्या यंत्राकडे एकदा बघितलं आणि हो म्हणून टाकलं. बाजारात तुरी, त्यातली ही गत. यंत्राने तोवर एक लाकडी ठोकळा फोडला होता आणि एक थंड नळी चेपली होती, तापलेल्या लोखंडाला त्याचं तोंड लागलं नव्हतं. पण लोहाराने शब्द दिला, आणि मुकादमाने स्वतः येऊन पहिला टिकाव बनताना बघायचं ठरवलं. यंत्र चाललं नाही तर ते टिकाव कुणाच्या खांद्यावर पडणार, हे कुणी बोललं नाही. लोहारणीला ते बोलून दाखवायची गरज नव्हती. ती आत गेली आणि खांद्याला औषध चोळत बसली.

ठरल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंप्याने पहिली खुर्ची पटकावली होती. लोहाराने कापड ओढलं, मोटार सुरू केली, भट्टीतून पिवळाधमक सळ काढला आणि यंत्राखाली धरला. एका हातात सांडशी होती. दुसऱ्या हातात खरं तर काही असायचं कारण नव्हतं, पण हातोड्याशिवाय लोखंडापुढे उभं राहणं त्याला उघड्याने उभं राहिल्यासारखं वाटायचं. म्हणून हातोडा होताच.

त्याने पट्टी दाबली. धाड, धाड, धाड. ठिणग्या उडाल्या, लोक मागे सरकले, टिकावाचं टोक सुरेख निघू लागलं. लोहाराच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की लोहारणीलाही क्षणभर बरं वाटलं. टोक हवं तेवढं झालं. आणि जन्मभराच्या सवयीने लोहाराने हातोडा यंत्राच्या ऐरणीवर वाजवला. टण्ण.

यंत्र थांबलं नाही. कसं थांबणार? पाय पट्टीवरच होता. लोहाराने आणखी जोरात टण्ण केलं. जोर हातात आला तसा पायातही आला, आणि यंत्र पिसाळलं. टण्ण, धाडधाड, टण्ण टण्ण, धाडधाडधाड. समोरचा ऐकत नाही म्हटल्यावर माणूस आवाज चढवतो, तसं लोहाराचं झालं. शेवटी लोहारणीनेच मोटारीचं बटण बंद केलं. सांडशीत टिकावाच्या जागी पत्र्याचा एक वेडावाकडा तुकडा लोंबत होता.

शिंपी म्हणाला की फरशीला उतार आहे. लोहाराने लगेच तेच उचललं. उतार आहे, मोटार जुनी आहे, वीजही कमीजास्त होते. नाचता येईना, अंगण वाकडं. मुकादम घड्याळाकडे बघू लागला. लोहाराच्या कपाळावर घाम आला आणि त्याच्या तोंडून तेच निघालं जे इतकी वर्षं निघत आलं होतं.

"अगं, घण घे. एवढा एकच."

लोहारीण जागची हलली नाही. तिने घणाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग कोपऱ्यातलं स्टूल डाव्या हाताने ओढून यंत्राशेजारी घेतलं, त्यावर बसली, चप्पल काढली आणि पट्टीवर पाय ठेवला.

"तुम्ही लोखंड धरा," ती म्हणाली. "थांबवायचं माझ्याकडे."

लोहाराला राग आला होता. एकट्याने चालणारं यंत्र म्हणून त्याने गल्लीभर दवंडी पिटली होती. पण मुकादम उठायच्या बेतात होता, आणि दुसरा इलाज नव्हता. त्याने नवा सळ तापवून धरला आणि हातोडा हलकेच टेकवला. यंत्राने हलका घाव घातला. हातोडा जोरात पडला, यंत्र जोरात पडलं. टोक निघालं, बाजू सरळ झाल्या, आणि हातोडा ऐरणीवर टण्ण वाजताच यंत्र गप्प झालं. मुकादमाने टिकाव फिरवून फिरवून पाहिला आणि बाकीचे कधी मिळतील ते विचारलं.

मग टाळ्या झाल्या. लोहाराची पाठ थोपटून थोपटून लाल झाली. लोहारणीची पाठ कुणी थोपटली नाही, तिच्या खांद्याच्या दृष्टीने ते बरंच झालं. लोहार हसत हसत तिच्याकडे वळला आणि त्याला तिचा उजवा हात दिसला. तो तिच्या मांडीवर पडला होता, तळवा वर, बोटं सैल. भट्टी पेटलेली असताना त्या हाताला त्याने असं रिकामं कधी बघितलंच नव्हतं. त्या तळव्यावरचे नवे फोड कशाचे आहेत, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाता जाता मुकादम दारात थांबला. खाणीवर असंच एक यंत्र बसवावं म्हणतो, त्याने विचारलं, हे चालवायला माणसं किती लागतात?

शिंप्याने 'एक' म्हणायला तोंड उघडलं होतं.

"दोन," लोहार म्हणाला. "आणि त्यातलं एक ऐकणारं लागतं."

"दोन्ही," लोहारीण म्हणाली आणि तिने चप्पल पायात घातली.