खांद्यातला खडा आणि उरलेले दिवस

मी एक पांढरा खडा बोलतोय, इन्दकच्या उजव्या खांद्यातला. तिनं धरलेलं व्रत मला लख्ख आठवतं. तिची लेक हे-रिन दोनदा गर्भ गमावून तिसऱ्यांदा गरोदर राहिली, तेव्हा कोरियातल्या आन्दोंगच्या देवळात इन्दक बुद्धासमोर म्हणाली, "शंभर दिवस, रोज एकशे आठ नमस्कार. एकही दिवस चुकणार नाही."

मी तेव्हाही होतोच. हात उचलणाऱ्या स्नायूच्या दोरीत कॅल्शियम साठून माझा जन्म झाला. कशामुळे, ते मलाही ठाऊक नाही. वर्षानुवर्षं निमूट पडून होतो. व्रताच्या बाहत्तराव्या पहाटे मी विरघळू लागलो, आणि तिला साधी वेणीही घालता येईना.

"पन्नाशीचा खांदा गं!" मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. आमच्याकडे या वयात खांदा दुखला की सगळे हेच म्हणतात. "हलवत राहा, जाईल. अगंबाई, एवढी कण्हतेस? चल दवाखान्यात."

एक्स-रेच्या पहिल्या फोटोत मी हाडामागे दडलो. फोटो काढणारी पोर म्हणाली, "आई, तळहात बाहेर वळवा."

"नमस्कारात वळवतो तसा?"

कपाळ टेकल्यावर ती रोज तळहात उताणे करायची. आताही तिनं दात आवळून हात वळवला, आणि मी तांदळाच्या दाण्यासारखा स्पष्ट दिसलो. डॉक्टरांनी सोनोग्राफीतही मला पाहिलं.

"हा पन्नाशीचा खांदा नव्हे. कॅल्शियमचा खडा आहे, विरघळतोय म्हणून इतकं दुखतंय. बरं होईल."

"मग सुकी मासळी सोडू? त्यात कॅल्शियम असतं ना."

"खुशाल खा, आई. खाण्याशी त्याचा संबंध नाही. फक्त महिनाभर या हातावर भार नको."

इन्दकचा चेहरा उतरला. "अजून एकोणतीस दिवस उरलेत. माझं व्रत मोडलं आणि लेकराला काही झालं तर?"

"रडतेस काय! उरलेले नमस्कार मी घालते," जाऊबाई म्हणाल्या. "तू मोज. आणि मोजताना चुकलीस तर बघ!"

गुडघे धरत, कुरकुरत त्या रोज वाकल्या. इन्दक डाव्या हातानं माळ ओढत राहिली.

आज शंभरावा दिवस. हे-रिनचं बाळ पोटात लाथा मारतंय. इन्दकनं आज स्वतःची वेणी स्वतः घातली. मी आता धुक्याएवढाच उरलोय, उद्या नसेनही.

जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या शेजारी कुणाचं व्रत दुखण्यानं अडलं असेल, तर आधी तिला दवाखान्यात न्या. आणि मग तिचे उरलेले दिवस तुम्ही धरा.