हनीफच्या गाळ्यावरची रीत

बिलकिसने मोरी माशाची शेपटी दोन्ही हातांनी धरली आणि असा हिसका दिला, की समोरची बाई फळीवर आपटली. पण तिनेही डोक्याची बाजू सोडली नाही. खरबरीत कातडीने दोघींचे तळवे सोलून निघाले होते, तरी सोडणार कोण?

"सोड म्हणते ना! माझी सून बाळंतीण हाय!" दिंडोरीकडची सिंधुबाई ओरडली.

"मग माझी पोरगी काय माहेरी हवा खायला आलीय?"

भद्रकालीच्या मासळी बाजारात हनीफच्या गाळ्यावर रीतच होती: मोरी, म्हणजे छोटा शार्क, आली की आधी बाळंतिणीच्या घरी. तिचा रस्सा पाजला की दूध उतरतं, असं सगळेच म्हणत. पूर्वी पेट्याच्या पेट्या भरून मोऱ्या यायच्या, कुणाला नाही म्हणायची वेळ येत नसे. आज मुंबईच्या गाडीतून एकच आली होती, दोन हात लांब, पोट टम्म फुगलेलं.

बिलकिसने माघार घेणं शक्य नव्हतं. घरी तिच्या लेकीला, माहेनूरला, दुधाचा थेंब नव्हता आणि डब्याचं दूध पाजलं की नात ओकून टाकायची. आताशा तिच्या रडण्यातला जोरही गेला होता. वजन आणखी उतरलं तर भरती करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बिलकिस आज कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हती.

सिंधुबाईने एक हात मोकळा करून तिच्या कानाखाली जाळ काढला. कानातली बाळी तुटली आणि रक्त मानेवर ओघळलं. मग काय! बिलकिसने मोरी सोडली, बाईचा अंबाडा धरला आणि तिचं तोंड बर्फाच्या पेटीवर आदळलं. ओठ फाटला. दोघी ओल्या फरशीवर, खवल्यांत आणि रक्तात लोळू लागल्या. कुणीतरी शिट्टी मारली, मेल्याला लाज नाही.

"खाला, मावशी, बस करा!" हनीफ कोयता घेऊन मधे घुसला. "अर्धी-अर्धी करतो. नाहीतर दोघींनाही कापीन!"

त्याने मोरी ठोकळ्यावर टाकली आणि रागाच्या भरात मधोमध घाव घातला. पोट फाटलं. आतून पिल्लं बाहेर सांडली, वीतभर लांब, पूर्ण घडलेली, डोळे उघडे. दोन तर कोयत्याखालीच तुटली होती. एक घरंगळत बिलकिसच्या मांडीवर आलं.

"या अल्ला," ती म्हणाली.

"दिवस भरत आले व्हते की गं हिचे," सिंधुबाई पुटपुटली.

हनीफने कोयता भिंतीवर फेकून मारला. "अशाच पोटुशा येतात आता! पोटासकट आया मारायच्या आणि मग विचारायचं, मोऱ्या का मिळत नाहीत? आजारी, मेलेलं सगळं हा शार्कच खातो, म्हणून बाकीची मासळी धड राहते. होडीवालेच सांगतात, या संपल्या की समुद्र सडेल. आणि इथे कापतोय कोण? मी!" त्याने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "कुणाला किती देऊ?"

"यांना दे," बिलकिस म्हणाली.

"मला नको. हिलाच दे."

"तुम्ही न्या म्हणते ना!"

"अगं, नको म्हणते तर!"

दोघींचे आवाज पुन्हा चढले, तसे बघे मागे सरकले. हनीफने तोवर गाडीवाल्याला फोन लावला. "परत पोटुशी मोरी पाठवलीस, तर गाडीतून उतरवून घेणार नाही. एकदा सांगितलं."

सिंधुबाईने पदराने ओठ टिपला. "पोरीला दूध अजिबात नाय?"

"थेंब नाही." बिलकिसला रडू फुटलं.

"माझ्या सुनेला, छायाला, लय हाय. पदर भिजतो तिचा. मी आपली रीत म्हणून न्यायला आले व्हते."

"रीत म्हणून? रीत म्हणून माझा कान फाडलात?" बिलकिसचा हात वर गेला.

"हाण," सिंधुबाई म्हणाली. तिने गालही पुढे केला. "हाण, आणि मग नातीला घेऊन ये. छाया इथं पंचवटीतच राहती. माझ्या नातवाला आन् तिला, दोघांना पाजील."

बिलकिसचा हात तसाच राहिला. मग तिने त्याच हाताने डोळे पुसले.

"आमच्यात एकीचं दूध प्यालेले सख्खे बहीण-भाऊ होतात," ती म्हणाली. "उद्या तुमचा नातू आणि माझी नात लग्न करतो म्हणाले, तरी चालायचं नाही."

"बरं झालं की," सिंधुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "तेवढंच एक भांडण कमी."